घर अमळनेरला, मत फ्रिमॉन्टला

प्रश्न : सप्रेम नमस्कार. बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, फ्रिमॉन्टला काढल्यावर सासूबाईंच्या तब्येतीमुळे आम्ही अमळनेरला परत आलो. मी तिथे असताना अमेरिकन नागरिकत्व घेतलं. यजमानांनी घेतलं नाही, ते ग्रीन कार्डावरच राहिले. मुलगा तिकडेच जन्मला, आता १९ वर्षांचा आहे आणि जळगावला इंजिनिअरिंग करतोय. तिथलं घर आम्ही विकून टाकलं. नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत मला आणि मुलाला इथून मत देता येईल का? घरच नाही तर पत्ता कुठला लिहायचा? एक ओळखीचे म्हणतात, मुंबईला अमेरिकन दूतावासात जाऊन मत टाकायचं असतं. शिवाय इथल्या मतदार यादीत माझं नाव अजून आहेच. वॉर्डातले कार्यकर्ते दारात येऊन म्हणतात, ‘वहिनी, तुमनं नाव यादीमा शे, मंग येवाले काय हरकत शे?’ आणि सासूबाई म्हणतात, ‘तू ऱ्हास आठे नि मत देस तठे?’ कोणाला काय उत्तर देऊ?
एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत. कार्यकर्त्यांचा तुम्ही शेवटाकडे, जाता जाता विचारलाय, पण मी तोच आधी घेते. बाकीच्या ठिकाणी चूक झाली तर फार तर एक मत वाया जाईल. इथे चूक झाली तर प्रकरण अंगाशी येईल.

हरकत आहे, आणि चांगलीच आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. नागरिक नसलेल्याचं नाव मतदार यादीत राहू शकत नाही, आणि चुकून राहिलं तरी त्या नावावर मत देता येत नाही. यादीत नाव असणं म्हणजे हक्क असणं, ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत आहे. ती सोडून द्या. तुमच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते कार्ड, असेल. त्यावर घर घेता येतं, बँकेत खातं ठेवता येतं, आयुष्यभर इथे राहता येतं, पण मतदार म्हणून नोंदणी होत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. उगाच त्या कार्डाला धक्का लागेल असं काही करू नका. आधी कधी शाई लावून घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही. घेतली असेल तर एखाद्या वकिलाशी बोला, माझ्याशी नको.

नाव काढण्यासाठी फॉर्म ७ असतो. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरता येतो, नाहीतर तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. बहुतेक वेळा ते जवळच्या शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई असतात. नाव काढण्याच्या कारणांमध्ये ‘भारतीय नागरिक नाही’ असा पर्याय आहे, त्याच्यावर खूण करा. ‘कायमचे स्थलांतर’ लिहू नका. तुम्ही तर अमळनेरातच राहता. पोच जपून ठेवा. पुढच्या वेळी कार्यकर्ते आले की चहा द्या आणि पोच दाखवा. वाद होणार नाही.

आता फ्रिमॉन्ट. हो, तुम्हा दोघांनाही इथून मत देता येतं. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांसाठी तिथे १९८६ चा कायदा आहे. त्यात पत्त्याचा प्रश्नही सोडवलेला आहे. देश सोडण्याआधी तुम्ही शेवटचं जिथे कायम राहत होता, तो तुमचा मतदानाचा पत्ता. घर विकलं असेल, तिथे आता दुसरं कुणी राहत असेल, परत जाण्याचं नक्की नसेल, तरीही तोच. समजा सॅन होजेला नणंद असली, तर तिचा पत्ता टाकला की टपालाचं सोयीचं पडेल, असला विचारही करू नका. ते खोटं लिहिणं झालं आणि मतदारसंघही चुकला. मुलाचंही तसंच. तो तुमच्याबरोबर त्याच घरातून निघाला, म्हणून त्याचा पत्ताही तोच. त्याने तिथे कधी नोंदणी केली नव्हती, याने बिघडत नाही. नोंदणी आता होईल.

सासूबाईंच्या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिका आपल्या नागरिकांकडून, ते जगात कुठेही राहोत, उत्पन्नाचा हिशेब मागते. दरवर्षी तुम्ही तिकडे टॅक्स रिटर्न भरत असालच. अमळनेरच्या बँकेतल्या ठेवींचं व्याजही त्यात दाखवावं लागतं. ज्या सरकारला तुम्ही इथे बसून हिशेब देता, ते निवडण्यात तुमचा वाटा असणं मला तरी रास्त वाटतं. सासूबाईंना हे एका वाक्यात सांगायचं तर, पट्टी भरतो तो गावसभेत बोलतो.

मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने. कॅलिफोर्नियाची मतपत्रिका लांबलचक असते. राज्यपालापासून शाळा मंडळापर्यंत पदं, शिवाय अमुक कर लावावा का, तमुक कर्जरोखे काढावेत का, असे प्रस्ताव. फ्रिमॉन्टच्या शाळांसाठी कर लावावा की नाही, हे अमळनेरात बसून ठरवणं तुम्हाला अवघड वाटत असेल तर तेवढे रकाने कोरे सोडा. कोऱ्या रकान्यांमुळे बाकीची मतं बाद होत नाहीत.

नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी या दोन्हींसाठी एकच अर्ज आहे. त्याला फेडरल पोस्ट कार्ड अर्ज म्हणतात. एफव्हीएपी डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. राज्य आणि काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, निवडला की कुठे पाठवायचा तेही तिथेच दिसतं. फ्रिमॉन्ट अलामेडा काउंटीत येतं, त्यामुळे तुमचा अर्ज अलामेडाच्या मतदार नोंदणी कार्यालयाकडे जाईल. फ्रिमॉन्ट शहराच्या पालिकेचा याच्याशी काही संबंध नाही. फी मागणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकू नका. आणि हा अर्ज एकदा करून भागत नाही, दरवर्षी नव्याने करावा. जानेवारीत करायची सवय लावली तर त्या वर्षातल्या सगळ्या निवडणुका त्यात येतात. पत्ता किंवा ईमेल बदलला तर मधेच पुन्हा करा.

अर्ज लहान आहे, पण आपल्या लोकांचे अर्ज ठराविक जागीच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते. पहिली जागा नावाची. तिथल्या नोंदीत तुमचं नाव जसं आहे, तसंच लिहा. मधलं नाव यजमानांचं होतं की नुसतं आद्याक्षर, हे जुनं व्होटर कार्ड किंवा पासपोर्ट काढून बघा. नाव बदललेलं असेल तर आधीच्या नावासाठी वेगळी चौकट आहे. दुसरी जागा तारखेची. तिकडे महिना आधी आणि दिवस मागून. मुलाचा जन्म ७ एप्रिलचा असेल तर ०४ आधी, मग ०७. आपल्या हाताला उलटी सवय असते, आणि तो ४ जुलैचा होऊन बसतो. मग नोंद जुळत नाही. तिसरी, ओळखीची. कॅलिफोर्नियाचा ड्रायव्हिंग लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. मुलाने तिथे गाडी चालवलेली नसेल, तेव्हा त्याच्यासाठी सोशल सिक्युरिटी कार्ड शोधून ठेवा. लहानपणी काढलेलं ते निळसर कार्ड बहुतेक तुमच्याच कपाटात असेल.

चौथी जागा सहीची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. मतपत्रिका परत गेली की कार्यालयातली माणसं पाकिटावरची सही त्यांच्याकडच्या सहीशी ताडून बघतात. तुम्ही तिकडे इंग्रजीत सही करत होता. इथे आल्यावर बँकेत, सोसायटीत मराठीत करायला लागला असाल. त्या कागदांवर इंग्रजीतच करा, जुन्या वळणाची. मुलाची तिथे जुनी सही नाही, म्हणून तो या अर्जावर जी करेल तीच पुढे धरली जाईल. आज एक, उद्या दुसरी, असं करू नको म्हणून सांगा. आणि त्याची सही त्यानेच करायची. तो होस्टेलला आहे म्हणून आईने उरकून टाकली, हे इथे चालणार नाही.

परतण्याच्या इराद्याबद्दलही एक चौकट असते. परत जाणार आहे, किंवा अजून नक्की नाही, असे पर्याय असतात. जे खरं ते लिहा. ‘नक्की नाही’ लिहिलं तर काही राज्यं फक्त केंद्रीय पदांची मतपत्रिका पाठवतात. तुमच्या काउंटीत काय करतात ते ईमेल टाकून विचारून घ्या, ती कार्यालयं उत्तर देतात. तुम्ही विचारलं नाहीये, पण पुढे विचाराल म्हणून सांगते : केवळ केंद्रीय पदांसाठी मत दिलं एवढ्याच आधारावर एखादं राज्य तुम्हाला आपला रहिवासी ठरवून कर लावू शकत नाही. राज्याच्या आणि स्थानिक पदांनाही मत देणार असाल, आणि कॅलिफोर्नियात अजून भाडं किंवा धंद्याचं उत्पन्न असेल, तर आधी करसल्लागाराशी बोला.

मतपत्रिका कशी हवी, असं विचारतील तिथे ईमेल किंवा ऑनलाइन निवडा. टपाल निवडू नका. २००९ च्या कायद्याप्रमाणे कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने देण्याची सोय प्रत्येक राज्याला ठेवावी लागते. तुमचा अर्ज वेळेत पोचलेला असेल तर मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी ती पाठवावीही लागते. यंदाचं मतदान ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत मतपत्रिका निघायला हवी, घरात गणपती बसलेले असतानाच. त्या गडबडीत ईमेल बघायचं राहून जातं आणि ती स्पॅममध्ये जाऊन पडते. त्या आठवड्यात स्पॅमचं खोकं रोज उघडत जा. नोव्हेंबरचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी २ जूनला आहे, तिच्या मतपत्रिका १८ एप्रिलपर्यंत निघतात. दुसऱ्या दिवशी आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अर्ज त्याच्या बराच आधी गेला असेल तर दोन्ही फेऱ्या साधतात. आखाजी उलटून गेली असली तरी नोव्हेंबर हातातून गेलेला नाही, पण मग श्रावणातल्या कानबाईची वाट बघू नका.

मतपत्रिका आली, छापली, काळ्या पेनने भरली. कागद ए-फोर आहे आणि तिकडचा लेटर आकाराचा असतो, म्हणून काही जण घाबरतात. घाबरू नका. घरी छापलेली मतपत्रिका यंत्रात जात नाहीच. कार्यालयातले कर्मचारी तुमच्या खुणा खऱ्या मतपत्रिकेवर उतरवतात आणि ती मोजली जाते. प्रत्येक पान पूर्ण आणि स्वच्छ आलं पाहिजे, एवढंच. छापायला मात्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर फाइल पाठवू नका. संध्याकाळपर्यंत ती तुमच्याआधी गल्लीत पोचलेली असेल.

परत पाठवायचे कॅलिफोर्नियात दोनच मार्ग, टपाल किंवा फॅक्स. ईमेलने भरलेली मतपत्रिका तिथे चालत नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, म्हणून न्यू जर्सीच्या मैत्रिणीने काय केलं हे तुमच्या उपयोगाचं नाही. फॅक्स म्हटल्यावर मुलगा हसेल. अमळनेरात फॅक्सची दुकानं राहिलेली नाहीत हेही खरं. पण ऑनलाइन फॅक्स पाठवणाऱ्या सेवा आहेत. पीडीएफ चढवायची, थोडे पैसे भरायचे, पलीकडे कागद निघतो. फॅक्सबरोबर एक शपथपत्र जोडावं लागतं. त्यात आपण मताची गुप्तता सोडत असल्याचं लिहिलेलं असतं, कारण तिथे कुणीतरी तो कागद हाताळणारच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी टपालाने पाठवावं. पण मग पितृपक्ष लागण्याआधी पाकीट हातावेगळं व्हायला हवं. टपालावर मी विसंबायला का तयार नाही, ते सांगते. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या सीमाशुल्काचे नियम बदलले, तेव्हा आपल्या टपाल खात्याने तिकडे जाणारं टपालच थांबवलं होतं. ते ऑक्टोबरच्या मध्याला सुरू झालं. नेमका मतपत्रिका पाठवण्याचा काळ. स्पीड पोस्टची पावती असली तरी पाकीट काही त्याने हलत नाही. मतदानाच्या दिवसापर्यंत शिक्का पडला तरी चालतं की नाही, याचे तिकडचे नियम आणि वाद चालू असतात. त्यावर भरवसा न ठेवता ३ नोव्हेंबरच्या आत कागद तिथे पोचलेला असेल, असंच धरून चाला.

ऑक्टोबर उजाडला आणि मतपत्रिकेचा पत्ताच नाही, असं झालं तर हात बांधलेले नाहीत. परदेशातल्या मतदारासाठी एक पर्यायी कोरी मतपत्रिका आहे, त्याच सरकारी संकेतस्थळावर मिळते. तिच्यावर उमेदवारांची नावं छापलेली नसतात, पदासमोर नाव आपण लिहायचं. मागाहून खरी मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवायची. दोन्ही पोचल्या तरी मोजली एकच जाते, त्यामुळे दोनदा मत दिल्याचा ठपका येत नाही. ही भरताना आठवणीवर जाऊ नका. कॅलिफोर्नियात २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या मतदानानंतर प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. तुम्ही निघालात तेव्हाचा मतदारसंघ आज तोच असेलच असं नाही. जुना पत्ता टाकून तपासा, मगच नाव लिहा. आणि यंदा कॅलिफोर्नियातून सिनेटची जागा निवडणुकीला नाही, तेव्हा तो रकाना शोधत बसू नका.

दूतावासाबद्दल तुमच्या ओळखीच्यांनी ऐकलं ते अर्धवट आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मतदान केंद्र नसतं. तिथे भरलेल्या मतपत्रिकेचं बंद पाकीट स्वीकारतात आणि त्यांच्या राजनैतिक टपालातून अमेरिकेत पोचवतात. पाकिटावर अमेरिकेतलं टपाल हशील भरलेलं असावं लागतं. त्यासाठी हशील माफ असलेल्या पाकिटाचा नमुना त्या संकेतस्थळावरून छापून घेता येतो. खान्देश एक्सप्रेसने वांद्र्याला उतरून जाता येईल, पण पाकीट कधी आणि कसं घेतात ते आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून निघा. त्या टपालालाही काही आठवडे लागू शकतात. केवळ एवढ्यासाठी जाऊ नका. दुसरं काम असेल तर पाकीट बरोबर घ्या.

ही सगळी यातायात वाचून तुम्हाला कंटाळा आला असेल. आपल्याकडची परदेशस्थ भारतीयांची सोय बघा, मग ही बरी वाटेल. शिरपूर-शहाद्याची पोरं दुबई-मस्कतला आहेत, त्यांचे आई-वडील मला हाच प्रश्न उलट्या दिशेने विचारतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याला २०११ पासून फॉर्म ६-अ भरून पासपोर्टवरच्या गावच्या यादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला विमान पकडून स्वतः केंद्रावर यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. टपाली मतपत्रिका सैनिकांना आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना मिळते, कामगाराला नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याला मत देता यावं असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. ते पुढे राज्यसभेत अडकलं आणि २०१९ ला लोकसभेबरोबरच संपलं. घरी पैसा पाठवणाऱ्या माणसाला आपण मत देण्यासाठी तिकीट काढायला लावतो, हे मला पटत नाही.

राहिले यजमान. ते भारतीय नागरिक आहेत आणि अमळनेरला राहतात, म्हणून त्यांचं मत इथलं. नाव यादीत असेल तर खुशाल जाऊन द्यावं, नसेल तर फॉर्म ६ भरावा. ग्रीन कार्ड असल्यामुळे त्याला बाधा येत नाही. इतका काळ अमेरिकेबाहेर राहून ते कार्ड टिकेल का, हे वेगळं प्रकरण आहे, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. अमेरिकेच्या निवडणुकीत मात्र त्यांनी चुकूनही नोंदणी करू नये. ग्रीन कार्डधारकाने ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली, तर पुढे त्या देशात पाऊल ठेवणं कायमचं अवघड होऊन बसू शकतं, आणि ‘बायकोबरोबर भरला’ हे कारण कुणी ऐकत नाही. तुम्ही आणि मुलगा एका बैठकीत अर्ज भरायला बसाल, तेव्हा संगणकावर तिसरा अर्ज उघडू नका.